वढवाणा तलाव : लालसरींच्या थव्यात शेपटीखाली पांढरं असलेलं तपकिरी बदक, फेरुजिनस की शेंडी बदक?

रावपुरा_टॉवर

बडोदा जिल्ह्यातल्या डभोईजवळच्या वढवाणा तलावावर रविवारी सकाळी मधल्या खोल पाण्यात लालसरींचा (पोचार्ड बदकांचा) मोठा थवा बसला होता. मोठ्या लालसरी जास्त, त्यांत छोट्या मिसळलेल्या, बाजूला चांदव्यांची (कूट) गर्दी. या सगळ्यांत एक गडद तपकिरी बदक होतं. छोट्या लालसरीहून जरासं लहान, पाठ आणि कूस जवळजवळ एकाच रंगाची, शेपटीखाली स्वच्छ पांढरं. अंतर अंदाजे ३५० ते ४०० मीटर, वेळ साडेदहाच्या सुमाराची, ऊन समोरून. दुर्बीण १०×४२. कॅमेऱ्याला ६०० मिमीची लेन्स होती, पण फोटोत ठिपक्यापलीकडे काही नाही. डोळ्याचा रंग कळला नाही.

मला फेरुजिनस पोचार्ड वाटतं, सोबतचे म्हणतात शेंडी बदकाची (टफ्टेड डक) मादी. एवढ्या माहितीवर काही ठरवता येतं का? नसेल तर पुढच्या वेळी नेमकं काय बघायचं?

दुसरं, अशा मिश्र थव्याची मोजणी कशी करतात? जानेवारीतल्या पाणपक्षी गणनेला जायचा विचार आहे, तिथे 'खूप होते' लिहून चालणार नाही.

तिसरं, राजहंस आणि कलहंस जेमतेम दिसले. वेळ चुकली की जागा?

पाणलावा

ठरत नाही, पण दोन्ही बाजूंनी काय बोलतं ते सांगता येईल.

शेपटीखालचं पांढरं हे फेरुजिनसचं सगळ्यांना पाठ असलेलं लक्षण, आणि सगळ्यांत जास्त फसवणारंही तेच. शेंडी बदकाच्या काही माद्यांना तिथे चांगलंच पांढरं असतं. फेरुजिनसचं पांढरं रुंद आणि स्पष्ट कडांचं, नरात त्याच्या पुढे काळसर रेघ. शेंडी बदकात कडा मळकट असतात, तपकिरी रंगात विरत जातात. ४०० मीटरवरून, तेही समोरच्या उन्हात, हा फरक कळणं कठीण. शिवाय ही सगळी बुडी मारणारी बदकं आहेत. चरताना शेपटी पाण्याला टेकलेली असते, तेव्हा पांढरं दिसतच नाही. निवांत तरंगताना शेपटी वर येते आणि पांढरं एकदम चमकतं. म्हणून मघाशी दिसलेलं पांढरं आता नाही, तर हे दुसरं बदक, असा निष्कर्ष काढू नका.

रंग बाजूला ठेवा आणि आधी डोक्याचा आकार बघा. उजेड वाईट असला तरी आकार टिकतो.

फेरुजिनस: चोच लांबट, कपाळ उतरतं आणि डोक्याचा सर्वांत उंच भाग मधोमध. लांबून डोकं घुमटासारखं दिसतं.
शेंडी बदक: कपाळ जवळजवळ उभं, माथा सपाट, मानेकडे शेंडीचा उंचवटा. मादीत शेंडी आखूड असते, कधी नुसता कोपरा जाणवतो.
छोटी लालसरी: चोच आणि कपाळ एकाच उतारात.

मग डोळा. फेरुजिनसच्या नराचा पांढरा, मादीचा गडद तपकिरी. शेंडी बदकात नर-मादी दोघांचाही पिवळा. छोट्या लालसरीच्या नराचा लाल, मादीचा तपकिरी. म्हणजे 'डोळा पांढरा नव्हता म्हणून फेरुजिनस नाही' हे चुकीचं, मादी त्यात सुटते. मात्र डोळा पिवळा दिसला की फेरुजिनसचा विषय संपला.

चोचीचं टोकही बघा. शेंडी बदकाचं टोक रुंदीभर काळं असतं. फेरुजिनसमध्ये फक्त मधल्या नखापुरता (चोचीच्या टोकावरचा छोटा कठीण भाग) काळा ठिपका. हे जवळूनच दिसतं, पण फोटो चांगला असेल तर यावरच निकाल लागतो.

पंखावरची पट्टी फेरुजिनसमध्ये शुभ्र, रुंद आणि बाहेरच्या पिसांपर्यंत तशीच पांढरी. शेंडी बदकातही पांढरी, पण टोकाकडे करडी होत जाते. छोट्या लालसरीत मुळात करडीच. सावध राहा, मोठ्या लालसरीच्या पंखावरही मोठी पांढरी पट्टी असते, त्यामुळे थवा उठला की नुसती पांढरी पट्टी बघून काही ठरवू नका. उडण्याची वाट बघायची गरजही नाही. विश्रांती घेणारं बदक अधूनमधून पाण्यात ताठ उभं राहून पंख झटकतं, तेव्हा पट्टी आणि पोट दोन्ही दिसतात. फेरुजिनसच्या पोटावर पांढरा डाग असतो, छातीच्या तांबूस रंगापासून स्पष्ट तुटलेला.

आता तुमच्या बदकाबद्दल. पाठ आणि कूस एकाच रंगाची, हे फेरुजिनसच्या बाजूने जातं, कारण शेंडी बदकाच्या मादीची कूस पाठीहून थोडी फिकी असते. पण जागा उलट सांगते. फेरुजिनस लाजाळू आहे, कमळ, पानकणीस, तरंगत्या वनस्पती यांच्या आडोशाने राहतं, बहुधा एकटंदुकटं. उघड्या खोल पाण्यात लालसरींबरोबर बसणं ही शेंडी बदकाची सवय. फेरुजिनस तसं बसतच नाही असं नाही, पण पुरावा तेवढा जास्त लागतो. आकाराने काही सुटणार नाही: फेरुजिनस ३८ ते ४२ सेंमी, शेंडी बदक ४० ते ४७, छोटी लालसरी ४२ ते ४९.

संकराचाही विचार करा. छोटी लालसरी आणि फेरुजिनस यांची मिश्र पिलं होतात. ती पहिल्या नजरेत फेरुजिनसच वाटतात, पण पाठीवर बारीक करडी नक्षी, चोचीवर फिकट पट्टा आणि डोळा नारिंगी-तांबडा असा मधलाच काहीतरी.

कोणीतरी बेअर्स पोचार्डचं, म्हणजे फेरुजिनसच्या दुर्मीळ भाईबंदाचं, नाव काढेलच, म्हणून आधीच सांगतो. नराचं डोकं हिरवट काळं, छाती तांबूस, आणि पोटाचं पांढरं कुशीवर वर चढलेलं, जे तरंगताना पाण्याच्या रेषेवर दिसतं. हे बदक जगभरात अतिधोक्यात आहे. उत्तम फोटो नसेल तर ते नाव लिहू नका.

कवड्या

चांदव्यांच्या कडेला होतं म्हणताय, तर एक भलताच पर्याय: पाणकोंबडी. तिच्याही शेपटीखाली पांढरं असतं, मधे काळी रेघ, आणि पाठ तपकिरी. पोहताना मान पुढे-मागे हलते, बदकाची हलत नाही. एवढं बघितलं की संशय मिटतो.

बाकी तुमची अडचण उजेड आणि अंतराची आहे. ४०० मीटरवरचं बदक १० पटीच्या दुर्बिणीतून ४० मीटरवर असल्यासारखं दिसतं. तेवढ्यावरून डोळा कसा कळणार? त्याला स्कोपच (तिवईवर लावायची एकनळी दुर्बीण) हवा, ६५ किंवा ८० मिमी काचेचा, २० ते ६० पट नळीचा. ६० पट मात्र विसरा. थंडीतही दहानंतर हवा तापून लहरते, मोठ्या पटीवर चित्र उकळायला लागतं. २५ ते ३० पटीवर शोधा, हवा स्थिर असली तर ४० वर नेऊन डोळा बघा. अगदी पहाटेही फायदा नाही: पाणी हवेपेक्षा उबदार असतं, धुकं आणि लहर दोन्ही येतात. डिसेंबरात आपल्याकडे सूर्य सव्वासातच्या आसपास उगवतो. पावणेआठ ते साडेनऊ हा सगळ्यांत चांगला वेळ. त्यात सूर्य पाठीशी राहील अशी जागा पकडायची, म्हणजे सकाळी पूर्वेच्या काठावरून पश्चिमेकडे बघायचं. संध्याकाळी उलट.

स्कोप गाडीच्या बॉनेटवरून लावू नका, गरम इंजिनाची हवा मधे येते. तिवईचे पाय पूर्ण उघडू नका, मधला दांडा वर काढू नका, वारा असेल तर तिवईला पिशवी अडकवा. खाली बसून बघितलं तर थरथर कमी होते आणि पक्षीही कमी बिचकतात.

फोटोपेक्षा व्हिडिओ घ्या. स्कोपला मोबाईल लावून अर्धा-एक मिनिट चित्रण करा, नंतर एकेक चौकट पुढे सरकवा. बदक मान वळवतं तेव्हा एखाद्या चौकटीत डोळा आणि चोच दोन्ही नीट सापडतात. उघडीप (एक्स्पोजर) थोडी कमी ठेवा, नाहीतर पांढरं फुलून येतं आणि मळकट पांढरंही शुभ्र दिसायला लागतं. तुमच्या या प्रश्नात नेमका तोच घोटाळा होऊ शकतो.

सुरसागर_काठ

मोजणीबद्दल. पाणपक्षी गणना, म्हणजे आशियाई पाणपक्षी गणना, भारतीय उपखंडात १९८७ पासून चालू आहे, दरवर्षी जानेवारीच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात. तिच्यात आकडा लागतो, 'भरपूर' चालत नाही. वढवाणा २०२१ मध्ये रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, झालं. रामसरच्या निकषांपैकी एक निकष २०,००० पाणपक्ष्यांचा, दुसरा एखाद्या जातीच्या एकूण संख्येच्या १ टक्क्याचा. हे दोन्ही मोजलेल्या आकड्यांवरच उभे असतात. ईबर्डवर (पक्ष्यांच्या नोंदी टाकायचं संकेतस्थळ) आकड्याऐवजी 'एक्स' टाकला की ती नोंद या कामाला शून्य उपयोगाची.

पद्धत अशी. आधी तलावाचे भाग पाडा. झाड, खांब, पंपघर, अशा पलीकडच्या काठावरच्या खुणा धरून. एक भाग संपला की पुढचा, मागे वळायचं नाही. एकाने स्कोपमधून बघून बोलायचं, दुसऱ्याने लिहायचं. एकटे असाल तर मोबाईलवर आवाज नोंदवा, डोळा काढून वहीत लिहायला गेलात की जागा हरवते.

थवा असेल तर आधी ५० पक्षी खरेखुरे मोजा आणि त्यांनी किती जागा व्यापली ते डोळ्यात बसवा. मग त्या मापाने थवा पुढे पुढे कापत जा. यात नेहमी होणारी चूक म्हणजे विरळ कडेचं माप दाट मध्यावर लावणं, त्याने आकडा खूप कमी येतो. मध्याचं माप वेगळं घ्या. सपाट काठावरून बघताना मागच्या रांगा पुढच्यांच्या आड जातात, त्यामुळे पाळीसारखी थोडी उंच जागा मिळाली तर तिथूनच मोजा.

एकूण आकडा आला की जातींचं प्रमाण काढायचं. स्कोप थव्याच्या पाच वेगवेगळ्या ठिकाणी ठेवा, प्रत्येक ठिकाणी १०० पक्षी जातीनुसार ओळखा. समजा ५०० मध्ये मोठी लालसरी ३३०, छोटी लालसरी ११०, गडवाल ४०, शेंडी बदक २० निघाले आणि थवा १,२०० चा आहे. तर मोठी लालसरी सुमारे ७९०, छोटी २६०, गडवाल ९५, शेंडी बदक ५० असे लिहा. पाचही नमुने एकाच कडेचे घेतलेत तर सगळं बिघडतं, कारण एकाच जातीचे पक्षी एकत्र बसतात. दुर्मीळ पक्षी या नमुन्यात येवो न येवो, तो वेगळा, दिसला तेवढाच लिहायचा. एक फेरुजिनस नमुन्यात आलं म्हणून त्याला गुणायचं नाही.

बुडी मारणाऱ्यांचं थोडं वेगळं आहे. चरत असताना थव्यातले काही सतत पाण्याखाली असतात. तीन वेळा मोजा आणि सरासरी न काढता सगळ्यांत मोठा आकडा घ्या. पाण्याखाली गेलेले फक्त वजा होतात, अधिक कधीच होत नाहीत. थवा विश्रांतीला बसलेला असेल तर हा प्रश्नच उरत नाही, तेव्हा तीच वेळ निवडावी.

चांदवे सगळ्यांत शेवटी. आधी त्यांच्यात अडकलात तर तास निघून जातो आणि बदकं राहून जातात.

शून्यही लिहा. दरवर्षी येणारा पक्षी या वेळी नसेल तर ती नोंदच आहे. तलावाचा किती भाग दिसला, पूर्ण की निम्मा, हेही लिहा, नाहीतर पुढच्या वर्षी पूर्ण तलाव मोजणाऱ्याला वाटेल की संख्या दुप्पट झाली.

डभोई_लोकल

राजहंसांची वेळ चुकली. दोन्ही हंस चरायला शेतात जातात. पहाटे आणि संध्याकाळी जातात-येतात, बऱ्याच वेळा रात्रीही चरतात, आणि दिवसा पाण्यात किंवा उथळ काठावर बसून राहतात. त्रास झाला की तलावाच्या अगदी दूरच्या टोकाला सरकतात, म्हणून तुम्हाला जेमतेम दिसले. थांबून आवाज ऐका, उडत येताना ते सारखे बोलत असतात आणि दिसण्याच्या आधी ऐकू येतात. राजहंसाच्या पांढऱ्या डोक्यावर मागे दोन काळे पट्टे, चोच आणि पाय पिवळे-नारिंगी. कलहंस राखी-तपकिरी, चोच आणि पाय गुलाबी. उडताना कलहंसाच्या पंखाचा पुढचा भाग फिकट रुपेरी दिसतो, लांबून तेवढ्यानेही ओळख पटते.

त्यांच्यामागे शेतात शिरू नका. गहू उभा असतो, शेतकऱ्याला विचारल्याशिवाय बांधावरही जाऊ नये. रस्त्यावर गाडी थांबवून गाडीतूनच बघा. माणूस खाली उतरला की उडतात, गाडीला तितके भीत नाहीत.

राजहंसाच्या गळ्यात प्लास्टिकचा पट्टा दिसला तर पट्ट्याचा रंग, अक्षरांचा रंग आणि अक्षरं जशी दिसतात त्याच क्रमाने लिहून घ्या. चिखलपक्ष्यांच्या पायात प्लास्टिकची छोटी झेंडी असते, त्यात पक्ष्याचा डावा पाय की उजवा आणि गुडघ्याच्या वर की खाली हे महत्त्वाचं. अर्धीच अक्षरं दिसली तर अर्धीच लिहा, उरलेली अंदाजाने भरू नका. बीएनएचएसला (बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी) कळवलं की पक्ष्याला कुठे कडं घातलं ते समजू शकतं.

जाता जाता एक, जे इथे बडोद्याहून येणारे बहुतेक लोक धरतच नाहीत. वढवाणा हा सिंचनाचा तलाव आहे. सयाजीराव महाराजांच्या काळात, १९०९-१० च्या सुमाराला बांधलेला. ओरसंग नदीवरच्या जोजवा बंधाऱ्यातून कालव्याने पाणी येतं आणि पुढे गावांच्या शेतीला सोडलं जातं. म्हणजे पाण्याची पातळी शेतीच्या वेळापत्रकाने वर-खाली होते, आणि कोणता पक्षी कुठे बसेल ते पातळीवर ठरतं. 'गेल्या महिन्यात अमुक ठिकाणी होते' यावर जाऊ नका, त्या दिवशीचं पाणी बघा.

पावसाळ्यानंतर तलाव भरलेला असतो तेव्हा मधलं खोल पाणी लालसरी आणि शेंडी बदकांचं. काठावर पाणी खोल असल्यामुळे थापट्या, चक्रांग, तलवार बदक या बदकांना फार जागा नसते, कारण ते बुडी मारत नाहीत, उलटे होऊन मान पोचेल तेवढंच खातात. तलवार बदकाची मान लांब, त्यामुळे ते इतरांपेक्षा थोड्या खोल पाण्यात चालवून घेतं. रब्बीला पाणी सोडायला लागले की काठ उघडे पडतात, चिखल तयार होतो, आणि शेकाट्या, मळगुजा, तुतारी, चमचा, शराटी या काठावर चरणाऱ्या पक्ष्यांची गर्दी होते. पण चिखल सुकून भेगा पडल्या की ते निघून जातात, चोच घुसण्याइतका ओला चिखल लागतो. म्हणून पाण्याच्या ताज्या कडेने बघत जायचं, जुन्या वाळलेल्या पट्ट्यात वेळ घालवायचा नाही. पाणी उतरलं की तरंगत्या वनस्पतींचे पट्टेही एकवटतात. फेरुजिनस शोधायचं तर तिथे, मधल्या थव्यात नाही.

भुवई बदक सगळ्यांच्या आधी, ऑगस्ट-सप्टेंबरपासून, आणि परतताना पुन्हा मार्च-एप्रिलमध्ये. त्या दिवसांत नर भुवईमुळे लांबूनच ओळखू येतो.

कडक_चहा

थवा एकाएकी उठला तर वर बघा, पाण्याकडे नको. चांदवे एकमेकांना चिकटून दाट गोळा झाले तर बहुधा दलदली भोवत्या हा शिकारी पक्षी, पंख व्ही आकारात उचलून खालून घिरट्या घालणारा. सगळीच बदकं उडाली तर मोठा गरुड असण्याची शक्यता जास्त. वढवाण्याच्या रामसर नोंदीत पलासचा मत्स्य गरुड आणि राखी डोक्याचा मत्स्य गरुड दोन्ही आहेत. पूर्ण वाढलेल्या पलासची काळी शेपटी आणि तिच्यावर मधे रुंद पांढरा पट्टा, डोकं फिकट. राखी डोक्याच्याची शेपटी उलट, पांढरी आणि टोकाला काळा पट्टा. शेपटी नीट बघितल्याशिवाय दोघांपैकी कोणाचंही नाव लिहू नये. पंख लांब अरुंद, मनगटात वाकलेले, डोळ्यावरून काळी पट्टी आणि खालून पांढरा असेल तर कैकर (ऑस्प्रे), तो दर हिवाळ्यात असतो.

थवा उठल्यावर मोजणी थांबवा. सगळे परत बसेपर्यंत पंधरा-वीस मिनिटं जातात आणि मधे मोजलेले दोनदा मोजले जातात.

मगरी मात्र वढवाण्याला शोधत बसू नका, त्या शहरातच आहेत, विश्वामित्रीच्या पुलावर उभं राहिलं की झालं.

सुरसागर_काठ

गणनेचा आठवडा आणि उत्तरायण (पतंगांचा सण) एकाच वेळी येतं, म्हणून हे वेगळं लिहितो. हंस, करकोचे, शराटी संध्याकाळी गावांवरून खालून उडतात आणि झाडांत, तारांत अडकलेला मांजा उत्तरायण झाल्यावरही आठवडे तसाच राहतो. तलावाच्या रस्त्यावर लटकता मांजा दिसला तर काढून, गुंडाळून, बारीक तुकडे करून टाका. विजेच्या तारांवरचा कधीही ओढू नका.

पक्षी अडकलेला सापडला तर मांजा ओढायचा नाही. ओढला की पंखाच्या कातडीत आणखी आत जातो. जखमेच्या दोन्ही बाजूंनी कात्रीने कापा, आत रुतलेला तुकडा तसाच ठेवा, तो डॉक्टर काढतील. डोक्यावर कापड टाका म्हणजे शांत होतो. करकोचा आणि बगळा यांची चोच आधी धरा, ते डोळ्यावर मारतात. भोकं पाडलेल्या खोक्यात, अंधारात, वरून थोडी ऊब राहील असं ठेवा. पाणी पाजू नका, चोचीत ओतलेलं पाणी श्वासनलिकेत जातं. गुजरातेत १० ते २० जानेवारी करुणा अभियान (जखमी पक्षी वाचवण्याची सरकारी मोहीम) चालतं आणि १९६२ या क्रमांकावर जनावरांची रुग्णवाहिका मिळते. पंख मोडला आहे असं वाटलं तर घरी बांधू नका, चुकीचा बांधला की पुन्हा सरळ होत नाही.

एकाच ठिकाणी अनेक मेलेली बदकं दिसली तर हात लावू नका, फोटो आणि नेमकी जागा वनखात्याला कळवा.

रावपुरा_टॉवर

सगळ्यांचे आभार. सोबत्याने स्कोपला मोबाईल लावून घेतलेला व्हिडिओ आज मिळाला. एका ठिकाणी बदक उभं राहून पंख झटकतं. पट्टी पांढरी आहे, टोकापर्यंत जाते असं वाटतं. डोळा गडद, पिवळा नक्की नाही. डोक्याचा आकार एका चौकटीत घुमटासारखा, दुसरीत सपाट! चोचीचं टोक कळत नाही. पाठीवर करडं काही दिसत नाही. आता फेरुजिनस म्हणून टाकू का?

पाणलावा

डोक्याचा आकार दोन चौकटींत वेगळा येणं स्वाभाविक आहे. बुडी मारण्याच्या आधी आणि नंतर ही बदकं डोक्याची पिसं चोपडी करतात, तेव्हा घुमट नाहीसा होतो. निवांत तरंगतानाची चौकट धरा.

पट्टीच्या पांढऱ्यावर विश्वास ठेवण्याआधी त्याच चित्रणात छोट्या लालसरीने पंख झटकलेला एखादा क्षण शोधा. तिची पट्टी त्यात करडी दिसत असेल तर तुमच्या बदकाची पांढरी खरी. तिचीही पांढरी दिसत असेल तर उघडीप जास्त होती, पट्टीवरून काही सांगता येणार नाही. पोटाचा डाग त्याच चौकटीत बघा: वरच्या बाजूला तांबूस छातीपाशी स्पष्ट तुटतो की हळूहळू मिसळतो.

डोळा 'पिवळा नाही' हे लांबून जरा जपून घ्या. शेंडी बदकाच्या पहिल्या हिवाळ्यातल्या पिलांचा डोळा मळकट, तपकिरीकडे झुकणारा असतो.

पट्टीची ही तुलना बरोबर निघाली आणि पोटाचा डाग स्पष्ट असला तर फेरुजिनस, मादी किंवा लहान पक्षी, असं टाका. नाहीतर ईबर्डवर ऐथिया गटातलं (छोटी लालसरी, शेंडी बदक, फेरुजिनस यांचा गट) अनोळखी बदक असा पर्याय आहे, तो निवडा आणि व्हिडिओतल्या तीन-चार चौकटी जोडा, अगदी वाईट असल्या तरी. टिपणीत अंतर, उजेड, काय दिसलं आणि काय दिसलं नाही हे लिहा; 'नक्की फेरुजिनस' एवढंच लिहिलेल्या नोंदीवर तपासणारा पुन्हा विचारणारच. यादी पूर्ण म्हणून द्या, सुरुवातीची वेळ, किती मिनिटं आणि किती चाललात ते भरा, आणि जागा म्हणून वढवाण्याचा आधीचा हॉटस्पॉट (सगळ्यांसाठी ठरलेली सामाईक जागा) निवडा, स्वतःची वेगळी खूण नको. नाव पुढे बदलावं लागलं तर तीच नोंद दुरुस्त करता येते, नवीन यादी करायची गरज नाही.